ओळखखुणा

नोरीनला तो दिसला पोस्टाच्या गाडीच्या उजेडात,
टिपरेरीकडच्या दलदलीकाठी,
फेब्रुवारीत, सकाळी सव्वासहाला.
आधी वाटलं, हरणाचं पाडस असेल.
मग ते थरथरलं, तेव्हा कळलं :
ग्रेहाउंड, करडा, फासळ्या मोजून घ्याव्यात असा,
आणि डोक्यावर कान नाहीत.

भांडणात फाटलेले नव्हते.
कापलेले होते. घाई न करता,
जुन्या पाकिटावरचा पत्ता
कात्रीने काढून टाकावा तसे.

आमच्याकडे शर्यतीच्या पिलांना
दूध सुटतं न सुटतं तोच कानात गोंदतात.
हिरवी अक्षरं. त्या अक्षरांपुढे कुठल्याशा वहीत
आई, बाप, मालक,
वाळूवर धावलेला एकेक सेकंद.
म्हणून कुत्रा ज्याला नकोसा होतो
त्याला आधी त्याचे कान नकोसे होतात.

ग्रॉन्याने यंत्र फिरवलं मानेवरून. काही नाही.
खांद्यांच्या मधून. काही नाही.
मी म्हटलं, तीही काढली असेल, तांदळाएवढी तर असते.
ती म्हणाली, थांब,
शाई बसते जागच्या जागी, चिप नाही बसत.
यंत्र उतरत गेलं. डाव्या कोपराशी
टिंग.
पंधरा आकडे.

सुरीवाल्याला पत्ता नव्हता.
तो मान चाचपत होता तेव्हा ती
केव्हाच निघून गेली होती खाली,
मांसातल्या मांसात, आपली आपण.

आकड्यांनी नाव दिलं, नावाने फोन.
पलीकडे किटली शिट्टी घालत होती.
नाही हो, तो तर केव्हाच देऊन टाकला.
कुणाला? आता कसं आठवणार.
कान? कसले कान?
त्याने कानांवर हात ठेवले.
असतात त्यांना ठेवता येतात.

दुपारी मॉस हॅकेट आला, मी बोलावलं म्हणून.
एकतीस वर्षं गोंदायचं काम केलेला म्हातारा,
चिपवर जुना राग.
दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर असते तसली पट्टी, म्हणायचा,
यंत्र नसेल तर मुकी. कंपनी बुडाली तर मुकी.
माझं कसं, कान उलटा करायचा, मागून विजेरी धरायची,
कुठलंही शेंबडं पोर वाचेल.
वाचेल आणि कापेल, ग्रॉन्या म्हणायची.
दर वेळी इथेच थांबायचं ते भांडण.

आज तो विजेरी घेऊन उभा राहिला
आणि उजेड पाडायला जागाच नव्हती.

मग गुडघ्यावर बसला. अंगठ्याने
डावीकडचं खपलीभरलं खुंट हळूच वाकवलं.
मुळाशी नखाएवढी हिरवी रेघ.
के, म्हणाला. के-चा पाय आहे.
मी तो नेहमी जरा बाहेर टाकायचो.

ओरडायची का रे पिलं? मी विचारलं.
सगळी, तो म्हणाला.
मी त्यांचे डोळे झाकायचो.
बऱ्याच वेळाने म्हणाला, तू नसशील ओरडला फार.
मला तर नव्हताच सांगत तो.

ग्रॉन्या काहीच बोलली नाही.
चहा केला, तिघांनी घेतला, बिस्किटं चौघांनी.

संध्याकाळी फॉर्म भरायला बसले.
चिप क्रमांक : तोच. तो बदलायचा नसतो,
त्याच्या मागचं माणूस तेवढं बदलतात,
दोन मिनिटांचं काम.
मालक : तूर्त कोरं.
रंग : करडा. वय : दातांवरून चार.
ओळखखुणा.
इथे पेन थांबलं.

दाराशी मॉसने विजेरी बंद केली. खट्.
एवढासा आवाज.
ब्लँकेटवरून त्याने मान उचलली
आणि नेमकं तिकडे पाहिलं.

मी लिहिलं :
कान नाहीत.
ऐकू येतं.